जनाचा चेहरा

कडाव, ता. कर्जत
रविवार, २ मार्च १९८०

हिरू,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे की नाही ते तू ठरव. तुझ्या लग्नाच्या वेळी तू लिहिलं होतंस, "माझ्या आईचा एक फोटोसुद्धा तुम्ही ठेवला नाहीत. यापुढे मला पत्र पाठवू नका." मी पाठवलं नाही. आज पाठवते आहे, कारण इथे जे चाललंय ते तुला सोडून दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

आधी माझी खुशाली. मी तुला आठवत असण्याचं कारण नाही. तुझी मैनामावशी म्हणजे कडावच्या शाळेतली जाडी बाई. सव्वाशे किलोच्या वर गेले होते. कशेळ्याच्या एस.टी.त चढले की कंडक्टर म्हणायचा, "बाई, दोन तिकिटं फाडू का?" आणि गाडी हसायची. मीही हसायचे. पुढे पुढे हसायलाही दम पुरेना. आडवी झाले की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायची. कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथले एक सर्जन परदेशात नवं ऑपरेशन शिकून आलेत. आतड्याचा बराच भाग बाजूला ठेवतात आणि टोकं जोडून वाट आखूड करतात. पाट मधेच फोडून पाणी नदीला सोडलं की पुढची शेतं कोरडी राहतात, तसं. खाल्लेलं अंगी लागायच्या आत निघून जातं. गेल्या ऑगस्टात माझ्यावर ते झालं.

तेव्हापासून अंग उतरतंच आहे. आधी नुसती शाळेपर्यंत चालायचे, पोटाला पट्टा बांधून. मग खिडकीचे गज धरून उठबस. जानेवारीत डॉक्टरांनी टाके पाहिले आणि विचारलं, "पोहता येतं का तुम्हाला?"

"येत होतं," म्हटलं.

"मग पोहा. गुडघ्यांवर भार येत नाही. याहून चांगला व्यायाम नाही."

त्यांना काय ठाऊक! आमच्या घरात पोहण्याचं नाव कुणी काढत नाही. तुला कुणी नीट सांगितलंय की नाही माहीत नाही, म्हणून सांगते. एकोणसाठच्या श्रावणात जना, तुझी आई, तुला घेऊन खालापूरहून माहेरी आली होती. दुपारी धुणं घेऊन ती पेज नदीवर गेली. वर घाटात पाऊस कोसळत होता आणि नदी एकदम चढली. धुतलेले कपडे खडकावर पिळून ठेवलेले सापडले. जना सापडली नाही. नदी उल्हासला मिळते तिथवर माणसं शोधून आली. सापडली नाही म्हणून तुझ्या आजीने आजवर तिचं दिवसकार्य करू दिलेलं नाही. न सापडलेलं माणूस मेलं कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं.

तरी मी गेले. वरच्या वीजघराचं पाणी येतं म्हणून आमच्या नदीला उन्हाळ्यातही ओल असते. सकाळी उतार असतो आणि दुपारकडे पाणी चढतं. पुलाखाली कमरेएवढ्या पाण्यात जुनं लुगडं खोचून उतरले. लहानपणी मी पाण्यावर ओंडक्यासारखी तरंगायचे. जना म्हणायची, तुला बुडवायला दगड बांधावा लागेल. आता अंग सैल सोडलं आणि सरळ तळाला गेले. पाणी मला धरेना. आणि सगळं सैल कातडं, दंडाचं, पोटाचं, माझ्याभोवती पदरासारखं हलत होतं. दुसऱ्या कुणाचं तरी घालून आल्यासारखं वाटलं.

हात मारत राहिले. थोडं जमलं. ओल्या केसांनी घरी येत होते तेव्हा शेजारची धोंडूबाई अंगणात भांडी घासत होती. तिने वर पाहिलं. हातातली कढई खाली पडली.

"जने?" ती म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं गं. खरंच, मागे कुणी आहे का ते पाहिलं.

घरी येऊन आरसा घेतला. इतके महिने मी काट्यावरचा आकडा पाहत होते, तोंड पाहिलंच नव्हतं. गाल गेले, हनुवटीखालचं गेलं, आणि आतून जनाचं तोंड वर आलंय. तेच कपाळ, डोळ्यांखालची तीच हाडं. तुला फोटो हवा होता. म्हणून लिहिते आहे.

मैनामावशी


कडाव
६ एप्रिल १९८०

हिरू,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते.

पोहणं चालू आहे. आता पुलाखालून वडाच्या मुळ्यांपर्यंत न थांबता जाते. दंडात जोर आलाय. कडावच्या बाजारातून पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आले, वाटेत कुठे टेकले नाही. हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

आजीचं सांगायचं राहिलं होतं. खरं म्हणजे मी ते मागच्या वेळी टाळलं. त्याच दिवशी, आरसा खाली ठेवला तेव्हा ती पडवीत वाल सोलत बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, माणूस पुसट दिसतं. मी समोर गेले. तिचे हात थांबले.

"आलीस?"

"आले."

"किती वाळलीस गं पाण्यात!"

मला वाटलं माझ्या पोहण्यावर बोलते आहे. तिने माझा हात ओढून घेतला, हुंगला आणि गालाला लावला. "नदीचा वास येतोय आजून. बस. भात टाकते."

"आई, मी मैना."

ती हसली. "मैना साळंत गेलीया."

वीस वर्षं मी तिच्यापाशी आहे, हिरू. तिचं दुखलंखुपलं मी काढलं. पण माझ्या ताटाकडे पाहिल्याशिवाय तिने कधी मला वाढलं नाही. "किती खाशील गं, लोक काय म्हनतील," हे मी ऐकलं नाही असा दिवस नसेल. आता ती माझ्याजवळ बसून घास कालवते. केसांना तेल लावते. माझे केस गळतात हल्ली, तर ते मुठीत गोळा करून म्हणते, "पान्यानं सगळे केस खाल्ले माज्या लेकीचे."

रोज सांगून पाहिलं, मी मैना, मी मैना. ती ऐकते आणि दाराकडे पाहते. आधी म्हणायची, मैना साळंत गेलीया. आता म्हणते, "मैना आली नाय आजून. एवडा येळ का लागला?"

परवा तिने विचारलं, "पान्यात थंडी वाजते का गं?"

मी "नाही" म्हटलं. पोहणाऱ्या बाईने द्यावं तसंच उत्तर दिलं होतं मी. पण तिने डोळे मिटले, सुटल्यासारखा श्वास टाकला, आणि मला कळलं की आज मी जना म्हणून बोलले.

मैना


कडाव
२५ मे १९८०

हिरू,

सोबत फोटो आहे. कर्जतला स्टेशनजवळच्या स्टुडिओत काढला. जना नाकात बारीक चमकी घालायची आणि भांग थोडा डावीकडे पाडायची, तसं केलं. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, जरा हसा." मी हसले नाही, कारण जना कशी हसायची ते मला करता येणार नाही. ती चोवीस वर्षांची होती, मी एकेचाळीस. तुझी आई राहिली असती तर आज अशी दिसली असती, असं समज.

सुट्टी लागल्यापासून मी वर डोहावर जाते. पुलाखाली आता अंग हलवल्यासारखं वाटत नाही. डोहाचं पाणी खोल आहे, हात लांब टाकता येतो. काठावर सात आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत. आमच्याकडे पाण्यातल्या त्या सात बहिणी मानतात. बाया त्यांची ओटी भरतात. मी गेले की धुणाऱ्या बाया उठून जातात. हे लक्षात यायला मला थोडे दिवस लागले. मग एकदा पोहून वर आले तर माझ्या कोरड्या पातळाजवळ कुणी तरी हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि खोबऱ्याची वाटी ठेवली होती. दगडांपाशी नाही. माझ्या पातळाजवळ.

मी ते उचलून दगडांपाशी नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं.

बाकी सर्व ठीक. परवा डोहात जरा दम लागला होता, एवढंच.

मैनामावशी


कडाव
१९ जून १९८०

हिरू,

तुझं कार्ड मिळालं. "हा फोटो कुणाचा आहे? खरं लिहा." एवढीच ओळ होती, पण अक्षर पाहिलं तुझं. सुरेख आहे.

फोटो माझा आहे. मी लिहिलं होतं तसंच आहे ते. तू खरं विचारलंस म्हणून आणखी एक खरं सांगते. मागच्या पत्रात "जरा दम लागला" असं लिहिलं, ते खरं नव्हतं.

मेच्या ऐन उन्हाची दुपार होती. मी डोहाच्या मध्यावर होते. वीजघराचं पाणी रोजच्यापेक्षा लवकर आलं असावं. खालून गार ओढ लागली आणि माझ्या पोटरीत गोळा आला. मी खाली गेले. पूर्वीचं अंग असतं तर आपोआप वर आले असते. हे अंग जातच राहिलं. पाणी आधी हिरवं होतं, मग काळं. तोंड मिटून ठेवलं होतं, तरी आपोआप उघडू लागलं.

तेव्हा माझ्या पोटाखाली हात लागला. उताणा तळहात, बोटं पसरलेली, ऑपरेशनच्या वणावर नेमका. जनाने मला पोहायला शिकवलं ते असंच. मी पालथी, आणि तिचा हात माझ्या पोटाखाली. त्या हाताने मला वर उचललं. जोरात नाही. लहान मुलाला उचलतात तसं, सावकाश.

खडक धरून खोकत राहिले. समोरच्या काठावर वाडीतला गोमा ठाकूर जाळं घेऊन उभा होता. तो नेहमी तिथे मासे धरतो, माझ्याशी दोन शब्द बोलतो. तो पाण्यात आला नाही. तिथूनच त्याने विचारलं, "बाय, दुसरी कुठं गेली?"

"कोण दुसरी?"

"तुज्यासंगं होती ती."

"मी एकटीच होते, गोमा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग जाळं तसंच पाणी गळतं खांद्यावर टाकलं आणि चढ चढून निघून गेला. तेव्हापासून तो डोहावर येत नाही.

पाणी वस्तूला वर का ढकलतं ते मी चौथीच्या मुलांना शिकवते, हिरू. चढत्या पाण्याला खालून भोवरा असतो, तो माणसाला वर फेकतो, हेही मला माहीत आहे. गोमाला उन्हात एकीच्या दोघी दिसल्या असतील. सगळं मला सांगता येतं. फक्त बोटं पसरलेली होती, ते सांगता येत नाही.

आता पाऊस सुरू झाला. नदीवर जाणं बंद. शाळेत मुलं माझ्यासमोर फार शांत बसतात. पूर्वी पाठीमागे "भोपळा" म्हणायची, ते बरं होतं.

मैनामावशी


कडाव
१२ ऑक्टोबर १९८०

हिरू,

हे पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

पावसाळाभर शाळा सोडली तर मी घरातच होते. पडवीतल्या पडवीत चालायचे, गज धरून उठबस करायचे. पण अंगातला जोर गेला तो गेलाच. पाय सुजतात. पोट सारखं वाहतं. गणपतीच्या सुमारास धोंडूबाई दुरून म्हणाली, "तुजे डोळे पिवळे दिसतात गं." ती आता जवळ येत नाही, पण तिला माझी काळजी आहे.

मुंबईला जाऊन आले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बराच वेळ कागद खालीवर करत बसले. लिव्हरला सूज आहे म्हणाले. या ऑपरेशनने काहींचं असं होतं, ते आता कळू लागलंय. आतडं पुन्हा पूर्वीसारखं जोडायला हवं.

"मग वजन?" मी विचारलं.

"परत येईल. बरंचसं."

"आणि नाही जोडलं तर?"

"मैनाबाई," ते म्हणाले, "उन्हाळा दिसणार नाही तुम्हाला."

दिवाळीनंतर सांगते म्हणून उठले. ते ओरडले माझ्यावर. त्यांची चूक नाही. त्यांना वाटलं, बाईला बारीक राहायची हौस आहे. तीही थोडी होती, का खोटं बोलू? एस.टी.त एका जागेवर बसायचं, पाण्यात हात लांब टाकायचा, हे मी जन्मात पहिल्यांदा भोगत होते. पण खरं कारण वेगळं होतं. हा चेहरा गेला की तुझी आजी जनाला दुसऱ्यांदा गमावेल, आणि तू तिला कधीच पाहिलं नसशील.

मग परवा सर्वपित्री अमावास्या झाली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांसाठी ताट वाढून कौलावर ठेवतात, कावळा शिवला की पोचलं म्हणायचं. आजी पहाटेपासून चुलीपाशी होती. वडे, वालाचं बिरडं, खीर, तांदळाच्या पापड्या. मला वाटलं आजोबांसाठी चाललंय. तिने दोन ताटं वाढली.

"हे दुसरं कुणाचं?" मी विचारलं.

"मैनाचं."

 तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "तू आलीस आन् ती गेली बग. साळंतून आलीच नाय. पान्यानं एक दिली आन् एक नेली. मी लय हाका मारल्या तिला, जने. तिनं खाल्लं की मी बोलायची ना, तो राग धरला तिनं."

"आई, मी आहे इथे. मी मैना आहे."

"तू नको रडू. वडे आवडायचे तिला. चार जास्तीचे ठेवलेत."

तिने मला शिडी धरायला लावली आणि शेवटी मीच ते ताट कौलावर ठेवलं. माझं ताट, हिरू. तळलेलं मला आता चालत नाही, वास आला तरी पोटात कळ येते. खाली उभी राहून मी पाहत होते. आजोबांच्या ताटाकडे कावळे बराच वेळ फिरकले नाहीत. माझ्या ताटावर मात्र लगेच एक उतरला. वडा उचलला, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि खाल्ला. आजीने हात जोडले. "पोचलं," ती म्हणाली.

जनासाठी एवढी वर्षं तिने कधी ताट वाढू दिलं नाही. माझ्यासाठी वाढलं.

त्या दुपारी मी घरात वावरत होते तेव्हा पायांचा आवाज होतो की नाही, हे मला ऐकून पाहावं लागलं.

तू ये. दिवाळीची सुट्टी असेल. भुसावळहून कल्याण, तिथून कर्जत, आणि बाहेर कशेळ्याची गाडी मिळते. एकदा पाहून जा. हा चेहरा फार दिवस राहणार नाही. मी ऑपरेशन केलं तरी, आणि नाही केलं तरी.

मैना


मुंबई, इस्पितळ
३० नोव्हेंबर १९८०

हिरू,

तू आलीस. पाच वर्षं राहिली असतीस तरी माझं पाहून झालं नसतं, दोनच दिवस राहिलीस. त्याबद्दल तक्रार नाही. तुझे वडील सहदेवराव यांना न सांगता आलीस हे तू जाताना बोललीस; म्हणजे सोपं नव्हतं.

जे तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

पहिल्या दिवशी तू माझ्याकडे सारखी पाहत होतीस आणि मी मुद्दाम उजेडात बसत होते. आजी तुला ओळखेना. "ही कोन पाव्हनी?" विचारत होती. मी सांगितलं, "हिरू. जनाची हिरू." तर ती मला म्हणाली, "मग घे की तिला मांडीवर." आपण दोघी हसलो. तुला मांडीवर घ्यायला माझ्याकडे मांडी कुठे उरली होती?

दुसऱ्या दिवशी तू नदी दाखव म्हणालीस. डोहाजवळ मला चढता येईना, म्हणून पुलाखालच्या खडकावर बसलो. पाणी उतरलेलं होतं. तू पाण्याकडे पाहत होतीस. मग म्हणालीस,

"मावशी, रागावू नका. माझी आई अशी नव्हती."

"चार वर्षांची होतीस गं तू."

"हो. चेहरा नाहीच आठवत. पण आई आठवते. दुपारची वेळ. मी तिच्या पोटावर पालथी झोपलेय. एवढं मोठं, मऊ पोट, वरखाली होतंय. मी कान लावला की आत गुडगुड ऐकू येते. तिच्या हातांना खडूचा वास येतोय, आणि ती हळू आवाजात पाढे म्हणतेय. मला पाढ्यांनीच झोप यायची. अजूनही येते. घरी सगळे हसतात मला." मग तू माझ्याकडे वळलीस. "आई शिकलेली होती ना?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसती हलवली, मलाच कळलं नाही. तू खुश झालीस. फोटो पिशवीतून काढून मला परत दिलास. "हे तुमच्याकडेच राहू दे. ह्या मला ओळखीच्या वाटत नाहीत."

त्या क्षणी मला फार भीती वाटली, हिरू. डोहात वाटली नव्हती एवढी. मला वाटलं, मग मी वर्षभर कुणाचं तोंड घेऊन फिरते आहे?

तू गेलीस आणि मी तीन आठवडे या पत्राशी झगडते आहे. लिहिलं तर तुझ्याजवळ आईचं जे एकच आहे ते मी काढून घेईन. नाही लिहिलं तर उद्या टेबलावर काही झालं की ते माझ्याबरोबर जाईल. तू मला कार्डावर "खरं लिहा" म्हणाली होतीस. म्हणून लिहिते.

जना शाळेत गेली नव्हती. तिला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं. ती शेवग्याच्या शेंगेसारखी सडसडीत होती.

ती मी होते, हिरू.

जना गेल्यानंतर होळीपर्यंत तू आमच्याकडे होतीस. तू रडायची नाहीस आणि झोपायचीही नाहीस. दाराकडे तोंड करून बसायचीस. मी नुकती शाळेत लागले होते. दुपारी घरी यायचे, जमिनीवर आडवी व्हायचे आणि तुला उचलून पोटावर ठेवायचे, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. गाणी मला येत नव्हती. पाढे येत होते. तिसाव्या पाढ्यापर्यंत जावं लागायचं कधी कधी. मग तुझा डोळा लागायचा, आणि तू उठू नयेस म्हणून मी हलायचे नाही. माझ्या या अंगाचा कुणाला तरी उपयोग झाला असं ते एकदाच.

म्हणजे तुझ्या आईचं तुझ्याजवळ काहीच नाही. हे लिहिताना हात थांबतो. म्हणून तिचं जे मला ठाऊक आहे ते देते. ती चालताना स्वतःशी बोलायची. तिला कच्च्या चिंचा लागायच्या, तुझ्या वेळी तर फार. ती पाण्यात उलटी पोहायची, आभाळाकडे तोंड करून, आणि मला म्हणायची, "वर बघ गं मैने, खाली बघितलंस की बुडशील." तुला पहिल्यांदा नदीवर नेलं तेव्हा तिने तुझे पाय पाण्यात बुडवले आणि तू एवढी किंचाळलीस की पलीकडच्या काठावरची गुरं उधळली. ती हसून हसून खाली बसली. हे सगळं खरं आहे. हे तुझं.

उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, उशीर केलात, पण बघू. जगले तर पुन्हा जाडी होईन. पुन्हा पोहायला महिने लागतील, पण पोहेन, आणि या वेळी पाणी मला धरील. नाही जगले तर तुझा राग माझ्यावर ठेव, जनावर ठेवू नकोस.

आजीला धोंडूबाई सांभाळते आहे. काल निघताना मी आजीच्या पाया पडले. एकदा शेवटचं सांगावं वाटलं की मी मैना आहे. मग तिचं तोंड पाहिलं आणि नाही सांगितलं.

ती म्हणाली, "निघालीस? पान्यात?"

"हो, आई."

तिने माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. धान्य चाळावं तसे. मग माझा हात धरून जवळ ओढलं आणि कानात, कुणी ऐकू नये तशी, बोलली.

"तिथं मैना भेटली तर तिला पाठव गं. म्हनावं, आई वाट बगते. म्हनावं, खान्यावरून आता काय बोलनार नाय."

मी म्हटलं, "पाठवते."